रानमेव्याचे पारखी : गार्सिया द ओर्ता

चैत्र सरून वैशाख लागला, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील डोंगरांवर एक निराळीच समृद्धी अवतरते. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या उतारांवरील गवत तोवर वाळून गेलेले असते. ओढे आटलेले असतात. अशा रखरखीत उन्हात काटेरी जाळ्या मात्र काळ्याभोर करवंदांनी लगडून जातात. डोंगरातील महादेव कोळी आणि ठाकर स्त्रिया काट्यांनी हात ओरबाडून घेत ही फळे तोडतात आणि पानांच्या द्रोणांतून ती बाजारात विकतात. डोंगराची काळी मैना हे या फळाचे लाडके नाव. करवंद फोडून ते आतून लाल निघाले तर कोंबडा आणि फिके निघाले तर कोंबडी, हा खेळ तर तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल.

करवंदाची जाळी कोणी लावत नाही, तिला कोणी पाणी घालत नाही. जे आपोआप मिळते त्याची किंमत माणसाला सहसा कळत नाही. म्हणूनच आपल्याकडील राजेरजवाड्यांच्या बखरींत करवंदाला कोठे स्थान मिळाले नाही. परंतु साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका वैद्याने या काटेरी झुडपाकडे कुतूहलाने पाहिले, त्याचे फूल हुंगले, फळ चाखले आणि आपल्या ग्रंथात त्याची आदराने नोंद केली. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सिया द ओर्ता यांचा जन्म पोर्तुगालमध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळील कास्तेलो द व्हीद या डोंगराळ गावी १५०१ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. हे कुटुंब मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाने सर्व ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. पण तेथेही त्यांच्या वाट्याला स्वस्थता आली नाही. १४९७ साली पोर्तुगालमधील ज्यूंना बळाने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. ती मनातून जुनाच धर्म पाळतात, असा संशय राज्यकर्त्यांना सदैव येई. गार्सियांचे बालपण या संशयाच्या सावलीत गेले, आणि ही सावली मृत्यूनंतरही त्यांना सोडणार नव्हती.

गार्सिया बुद्धीने तल्लख होते. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील नामांकित विद्यापीठांत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. नंतर मायदेशी परतून प्रथम आपल्या गावी व पुढे लिस्बन या राजधानीत त्यांनी वैद्यकी केली. १५३० साली लिस्बनच्या विद्यापीठात त्यांना अध्यापकाची जागाही मिळाली. मान, विद्या आणि द्रव्य या तिन्ही गोष्टी त्यांना तेथे लाभल्या असत्या. तथापि १५३४ च्या मार्च महिन्यात, मार्तिम आफोन्सो द सौसा या सेनापतीच्या आरमाराबरोबर त्याचे वैद्य म्हणून ते हिंदुस्थानास निघाले. त्याच सप्टेंबरमध्ये ते गोव्यास पोहोचले. त्यानंतर त्यांनी पोर्तुगालचा किनारा पुन्हा पाहिला नाही.

प्रारंभीची काही वर्षे त्यांनी सौसाच्या मोहिमांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर प्रवास करण्यात घालवली. १५३८ साली सौसा मायदेशी गेला. ओर्ता मात्र गोव्यातच राहिले. तेथे त्यांनी घर केले, संसार थाटला, बाग लावली. गोव्याचे अनेक गव्हर्नर व व्हाइसरॉय त्यांच्याकडून औषध घेत. औषधी द्रव्ये, मसाले व रत्ने यांचा व्यापारही ते करीत. पुढे मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारने त्यांना खंडाने दिले. आज जेथे माणसांचा महासागर उसळतो, त्या मुंबईत तेव्हा कोळ्यांची वस्ती, माडांच्या बागा आणि भातखाचरे होती. तेथील आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा बहर येतो, याचे ओर्तांना मोठे कौतुक वाटे.

गोव्यातील या वैद्याची कीर्ती घाट चढून अहमदनगरला, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरला, जाऊन पोहोचली. तेथे त्या वेळी बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. लहानपणीच गादीवर आलेला हा राजा १५५३ पर्यंत जगला. त्याला विद्वानांच्या सहवासाची आवड होती. त्याच्या दरबारी इराणी, अरबी व तुर्की वैद्य असत. आज भुईकोट किल्ल्याचा जो भक्कम दगडी तट दिसतो, तो त्याच्या मुलाने, हुसेन निजामशहाने, नंतर बांधविला. बुऱ्हाणशहाने ओर्तांना आपल्या उपचारासाठी बोलावून घेतले आणि थोड्याच काळात दोघांत स्नेह जडला.

या स्नेहाचे स्वरूप मोठे हृद्य होते. रोगांची व औषधांची अरबी नावे राजा ओर्तांना शिकवी, आणि त्यांचीच लॅटिन नावे ओर्ता राजाला शिकवीत. धर्म, देश व भाषा यांची एवढी अंतरे असलेली ही दोन माणसे ज्ञानाची देवाणघेवाण करीत एकत्र बसत. राजाने आपल्या वैद्याला भरघोस बिदागी दिली आणि दर वर्षी काही काळ दरबारी राहावे म्हणून मोठ्या वेतनाचेही आमिष दाखविले. ओर्तांनी ते नम्रपणे नाकारले. तथापि या ये-जा करण्यात त्यांना घाटमाथ्याचा प्रदेश, तेथील माणसे, वैद्य आणि वनस्पती यांची जवळून ओळख झाली. सह्याद्रीच्या वरच्या अंगाच्या या पठाराला पोर्तुगीज लोक बालाघाट म्हणत. अहिल्यानगर आणि बीड या जिल्ह्यांतून जाणाऱ्या डोंगररांगेला आजही आपण त्याच नावाने ओळखतो.

ओर्तांच्या वेळी युरोपातील वैद्यांची एक विचित्र अडचण होती. त्यांच्या औषधांतील कितीतरी द्रव्ये हिंदुस्थानातून येत. परंतु ती ज्या झाडांपासून मिळतात ती झाडे त्यांनी पाहिलेली नसत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांनी जे लिहून ठेवले, तेच प्रमाण मानले जाई. मग नावावरून भलतेच तर्क होत. आपल्या स्वयंपाकघरातील चिंचेचेच पाहा. अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर या अर्थाचे नाव दिले होते. त्या नावामुळे ती खजुराच्या झाडाला लागत असावी, अशी दूरदेशी पुष्कळांची समजूत झाली. चिंचेच्या झाडाखाली उभा राहून वर पाहणाऱ्या मुलालाही ज्या गोष्टीचे हसू येईल, ती मोठमोठ्या पंडितांना उमगत नव्हती. ओर्तांनी चिंचेचे झाड डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी तिचे यथार्थ वर्णन केले.

अशी वर्णने एकत्र करून ओर्तांनी एक ग्रंथ सिद्ध केला. १५५६ साली गोव्यास छापखाना आला होता. त्यानंतर सातच वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, जुआंव द एन्देम या मुद्रकाने हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील औषधी व वनस्पती यांविषयीची संभाषणे, असा त्याच्या लांबलचक नावाचा आशय आहे. विद्वानांची भाषा लॅटिन असतानाही ओर्तांनी तो पोर्तुगीजमध्ये लिहिला. छपाईत चुका इतक्या झाल्या, की शेवटी मोठे शुद्धिपत्र जोडावे लागले. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश हा त्या वेळी गोव्यात होता. त्याची छापलेली पहिली कविता या वैद्यकाच्या ग्रंथातच आढळते.

ग्रंथाची मांडणी मोठी चटकदार आहे. त्यात दोन वैद्य एकमेकांशी बोलतात. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा कल्पित पाहुणा. रुआनो नुकताच युरोपातून आलेला आहे. जुन्या ग्रंथांवर त्याचा गाढ विश्वास असून प्रत्येक बाबतीत तो त्यांचाच दाखला देतो. ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतात. मध्येच आन्तोनिया नावाची घरकाम करणारी स्त्री बागेतून एखादी फांदी किंवा फळ आणून समोर ठेवते. मालूपा नावाचा एक हिंदू वैद्यही येऊन आपले मत देतो. रुआनो हा ओर्तांच्याच पूर्वीच्या मनाचा प्रतिनिधी आहे, असे म्हटले तरी चालेल. आपण स्पेनमध्ये असतो तर प्राचीन आचार्यांच्या विरुद्ध बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते, असेही ओर्ता प्रांजळपणे कबूल करतात.

याच ग्रंथात वेलदोड्याच्या प्रकरणाला जोडून करवंदाची हकीकत येते. ओर्ता त्याला कारांदास म्हणतात. आपल्याच बोलीतील शब्द त्यांनी आपल्या लिपीत बसविला आहे. हे झुडूप बालाघाटावर होते, असे ते सांगतात. त्याच्या फुलांचा सुवास त्यांना आपल्या देशातील एका सुगंधी वेलीची आठवण करून देतो. फळ लहानशा सफरचंदाच्या आकाराचे, आधी हिरवे व पिकल्यावर काळे, आणि चवीला द्राक्षासारखे, असे वर्णन करून ते थांबत नाहीत. लोक कच्ची फळे मिठात व आंबवणीत घालून लोणचे करतात आणि अन्नाला रुची यावी म्हणून खातात, हेही ते टिपून ठेवतात. राजवैद्याने गोरगरिबांच्या पानातील लोणच्याची दखल घ्यावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

ओर्तांनी लिहिलेले हे लोणचे आपल्या घरी आजही होते. कच्ची करवंदे धुऊन, देठ काढून, चीक निघून जावा म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतात. मग ती चिरून, बिया काढून, मीठ, हळद, तिखट, मोहरीची डाळ आणि हिंगाची फोडणी यांनी लोणचे सिद्ध करतात. हिरवी मिरची व गूळ घालून त्यांची चटणी वाटतात. जेथे चिंच वा आमसूल हाताशी नसेल, तेथे आमटीच्या आंबटपणासाठीही कच्चे करवंद उपयोगी पडते. पिकलेल्या फळांचे सरबत आणि मुरंबा होतो. कच्च्या फळात रस घट्ट करणारे द्रव्य भरपूर असल्याने त्याचा पाक सहज जमतो.

काटेरी झाडांवरील दुसऱ्याही दोन फळांना ओर्तांच्या ग्रंथात स्थान मिळाले आहे. त्यांतील पहिले बोर. या फळाला कोठे बोर, कोठे बेर म्हणतात, असे निरनिराळ्या भाषांतील शब्द ते देतात आणि बालाघाटावरची बोरे विशेष चवदार असतात, अशी पावतीही देतात. नगरकडच्या माळरानावर पौष-माघात बोरे वेचणाऱ्या मुलांना ही पावती वाचून खचित आनंद होईल. संक्रांतीच्या सुगडात बोरे असतात, तान्ह्या मुलांच्या बोरन्हाणात त्यांचा वर्षाव होतो, आणि उरलेली उन्हात वाळवून, कुटून त्यांचे बोरकूट करतात. दुसरे फळ जगम. कोकणात व गोव्यात होणारे हे लालसर जांभळे फळ तुरट असते. म्हणून खाण्यापूर्वी ते दोन्ही तळहातांत घोळवून मऊ करतात. ओर्तांनी त्याचे प्रकरण फणस आणि जांभूळ यांच्या पंक्तीला बसविले आहे.

युरोपातही कुंपणांच्या कडेने काटेरी वेली वाढतात आणि त्यांना काळी, रसाळ फळे येतात. पोर्तुगालमधील मुलेही ती हात ओरबाडून घेत तोडतात आणि त्यांचेही मुरंबे होतात. पण ती वेल गुलाबाच्या कुळातील, आणि आपले करवंद कण्हेरीच्या कुळातील. काटे व रंग सारखे असले, तरी गोत्र अगदी निराळे. म्हणूनच देठ तोडताच करवंदातून पांढरा चीक गळतो. वरवरच्या साम्यावरून निष्कर्ष काढू नये, प्रत्यक्ष पाहावे, हा ओर्तांचा धडा या साध्या उदाहरणातूनही समजण्यासारखा आहे.

ओर्तांनी फळाफुलांविषयीच लिहिले असे नाही. पटकीच्या भयंकर रोगाचे वर्णन करताना त्यांनी आपल्या बोलीतील मोडशी हा शब्द नोंदविला. युरोपीय वैद्याने हिंदुस्थानातील पटकीचे केलेले हे अगदी आरंभीच्या वर्णनांपैकी एक होय. कोठेही गेले तरी ते माळ्याला, वैद्याला, व्यापाऱ्याला, दासीला विचारीत. वस्तूचे स्थानिक नाव काय, ती केव्हा पिकते, लोक ती कशी खातात, हे त्यांचे ठरलेले प्रश्न असत. स्वतः पाहिलेले कोणते आणि नुसते ऐकलेले कोणते, हे सांगण्याची दक्षताही ते घेत.

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ओर्ता साठीच्या घरात होते. बाहेरून पाहता त्यांचे जीवन कृतार्थ होते. परंतु अंतरी भय होते. पोर्तुगालमध्ये १५३६ साली धर्मन्यायालय स्थापन झाले होते. त्याने त्यांच्या बहिणींना पकडून चौकशी केली. सुटका झाल्यावर १५४९ साली त्या भावाच्या आश्रयास गोव्याला आल्या. १५६० साली मात्र ते धर्मन्यायालय गोव्यातच येऊन बसले. ओर्तांनी आपला ग्रंथ लिहून पूर्ण केला तो अशा काळात. एका शब्दानेही सर्वनाश ओढवला असता. जुन्या आचार्यांविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या या माणसाला स्वतःच्या कुळाविषयी आयुष्यभर मौन पाळावे लागले.

१५६८ साली गोव्यात ओर्ता मृत्यू पावले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला धर्मन्यायालयाने जाळून मारण्याची शिक्षा दिली. आप्तांकडून घेतलेल्या जबाबांवरून, ओर्ताही अखेरपर्यंत गुप्तपणे ज्यू धर्मच पाळीत होते, असे ठरविण्यात आले. त्यांना शिक्षा कशी करणार? ते तर बारा वर्षांपूर्वी वारले होते! १५८० च्या डिसेंबर महिन्यात त्यांची हाडे थडग्यातून उकरून काढली गेली आणि जाहीरपणे जाळण्यात आली. ज्या गोव्यातील कितीतरी रोग्यांना त्यांनी जीवदान दिले, त्याच गोव्यात त्यांच्या अस्थींनाही विसावा मिळाला नाही.

परंतु ग्रंथ जळाला नाही. तो आधीच समुद्र ओलांडून गेला होता. कार्ल क्लूसियुस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालच्या प्रवासात त्याची एक प्रत मिळाली. त्याचे मोल ओळखून त्याने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये केला आणि १५६७ साली, ओर्तांच्या हयातीतच, अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. या लॅटिन ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंद द फिकाल्यो यांनी मूळ ग्रंथ विस्तृत टीपांसह पुन्हा प्रसिद्ध केला, आणि १९१३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. पणजी शहराच्या मध्यभागी असलेल्या उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे.

१७६७ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने करवंदाच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले. ते नाव कॅरिसा कॅरांडस. त्यातील दुसरा शब्द म्हणजे ओर्तांच्या ग्रंथात दोन शतकांपूर्वी उमटलेला आपला करवंद हा शब्दच होय. डोंगरातील कोणा अनाम माणसाच्या तोंडचा शब्द एका वैद्याने कान देऊन ऐकला आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवला. तो आज जगातील सर्व वनस्पतिशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे.

ज्ञान मोठ्या ग्रंथांत असते, तसे ते रानातील जाळीत, बाजारातील द्रोणात आणि आजीच्या लोणच्याच्या बरणीतही असते. ते शोधण्यासाठी उघडे डोळे हवेत, विचारण्याची नम्रता हवी आणि पाहिलेले जसेच्या तसे सांगण्याचे धैर्य हवे. गार्सिया द ओर्ता यांच्या ठायी हे तिन्ही गुण होते. म्हणून त्यांच्या अस्थींची राख झाली, तरी त्यांनी टिपलेला शब्द मात्र टिकून राहिला.